अमेरिकेतल्या अध्यक्षीय डिबेट पाहून तळ्यात-मळ्यात असलेले मतदार खरंच फिरतात का?

फिरतात, पण फार थोडे. आणि जे फिरतात तेही बहुधा डिबेट पाहून नव्हे, तर नंतर तिच्याबद्दल जे कानावर पडतं त्यामुळे.

दीड तास टीव्हीसमोर बसणारा प्रेक्षक बहुतांशी आधीच एका बाजूचा असतो. मॅच बघायला बसावं तसा तो बसतो. ज्याचं मत ठरलेलं नाही त्याला मुळात राजकारणातच रस कमी. त्याच्यापर्यंत पोचते ती अर्ध्या मिनिटाची क्लिप.

६ ऑक्टोबर १९७६ ची डिबेट बघा. पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असं तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड बोलून गेले; प्रत्यक्षात ते होतंच. त्या रात्री फोनवर विचारलेल्या लोकांना त्यात विशेष काही खटकलं नव्हतं, उलट फोर्डच किंचित सरस वाटले होते. दुसऱ्या दिवशी बातम्यांनी तेच वाक्य लावून धरलं आणि संध्याकाळपर्यंत बहुतेक जण त्यांचे प्रतिस्पर्धी कार्टर जिंकले म्हणू लागले. डिबेट तीच होती!

'कोण जिंकलं' आणि 'मत कोणाला देणार' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, इथेच बहुतेकांची गल्लत होते. १० सप्टेंबर २०२४ च्या डिबेटनंतर सीएनएनच्या पाहणीत ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस यांना विजयी ठरवलं. निवडणूक ट्रम्प यांनी जिंकली. शिवाय अशा झटपट पाहणीत फक्त डिबेट पाहिलेले लोक असतात. ६०० जणांचा नमुना असेल तर ४ टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात, म्हणजे २ टक्क्यांची 'उसळी' ही बातमीच नव्हे. आणखी एक गोम अशी की, ज्याचा उमेदवार तोंडावर पडला तो समर्थक काही दिवस सर्व्हेवाल्यांचा फोनच घेत नाही. २०१२ मध्ये डेन्व्हरच्या डिबेटनंतर ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांची जी मुसंडी दिसली, तिचा मोठा भाग असाच होता, हे त्याच-त्याच मतदारांना पुन्हापुन्हा विचारलं तेव्हा कळलं. म्हणून आठ-दहा दिवस थांबा आणि चुरशीच्या राज्यांतल्या पाहण्यांची आधीची व नंतरची सरासरी ताडून पाहा.

ल पेनेक आणि पॉन्स या संशोधकांनी ३१ निवडणुकांतल्या ५६ टीव्ही डिबेट तपासल्या. ज्यांचं ठरलेलं नव्हतं त्यांच्यावरही मोजता येईल असा परिणाम त्यांना सापडला नाही. माझ्या मते सरासरीत काही अपवाद झाकले जातात. उमेदवाराबद्दल मनात धाकधूक असेल आणि दिवस थोडे उरले असतील, तर डिबेटला वजन येतं. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर आणि त्यांना आव्हान देणारे रेगन यांची एकच डिबेट झाली, तीही मतदानाच्या अवघा आठवडाभर आधी. रेगन माथेफिरू नाहीत एवढं लोकांना दिसलं, तेवढं त्यांना पुरलं.

२७ जून २०२४ च्या बायडेन-ट्रम्प डिबेटमध्ये बायडेन अडखळले; तिचा सगळ्यात मोठा परिणाम तर मतदारांवर नव्हे, त्यांच्या स्वतःच्या पक्षावर झाला. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली.