टोमॅटो-काजू न घालता घरचा रस्सा घट्ट आणि चवदार कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की भाजीबाजार लांब आहे, घरात डाळी, बेसन, कांदे-लसूण एवढंच असतं, टोमॅटो-काजूशिवाय रस्सा केला की पाणचट होतो, काय चुकतंय, आणि आठवड्याचा साधा शाकाहारी मेनू पण सुचवा. मेनूचं शेवटी बघू. ते 'पाणचट' वाचलं आणि मला 2003 ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठवली म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर अमळनेरकडचं, सासर चोपडा तालुक्यातलं, दोन्ही खानदेशात, जळगाव जिल्ह्यात. लग्नाला वर्ष पण झालेलं नव्हतं. आखाजीला नणंद माहेरी आलेली आणि तिसऱ्या दिवशी तिचे सासरे आणि दीर तिला न्यायला आले, न कळवता, ऐन दुपारी. आमच्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री असतं, सकाळी आणलेली मेथी दुपारपर्यंत मान टाकते, त्यामुळे घरात भाजी नसणं काही नवीन नाही, उन्हाळा आम्ही डाळ आणि बेसनावरच काढतो. सासूबाई शेजारच्या गावी लग्नाला गेलेल्या. मोठी जाऊ म्हणाली, तू डुबुक वडे, म्हणजे रस्श्यात शिजवलेले बेसनाचे गोळे, टाक, मी भाकऱ्या बघते.

डुबुक वडे मी माहेरी शंभरदा खाल्लेले पण एकटीने कधी केले नव्हते, आणि पाहुणे ओसरीवर बसलेत म्हटल्यावर माझा धीरच सुटला. कांदा अर्धाकच्चा भाजला, लाइट नव्हती म्हणून पाट्यावर कसंतरी वाटलं, वाटण तेलात दोन मिनिटं हलवलं न हलवलं की माठातलं गार पाणी ओतलं आणि उकळी यायच्या आधीच बेसनाचे गोळे सोडले. सगळे वडे विरघळले. कढईत पिवळी पेज, वर कच्च्या कांद्याचा वास. नणंदेच्या सासऱ्यांनी दोन घास खाल्ले आणि ताक मागून घेतलं, ताकात भाकरी कुस्करून जेवले. आणि जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घरात टोमॅटो नाही, काजू नाही, मग रस्सा असाच होणार."

त्यांनी मला सांभाळून घेण्यासाठी म्हटलं असेल, पण मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. टोमॅटोचा काही संबंधच नव्हता, मी घाई केली होती.

सासूबाईंनी घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात चूल पेटवली आणि मला पाटावर बसवलं. सालासकट कांदे निखाऱ्यात टाकले, सुक्या खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरून भाजली. मी दर मिनिटाला कांदा उलटायला जायची तर म्हणायच्या, "कांदा काया होऊ दे, मंग बोल." वरून काळा झाला आणि आतून मऊ गोड झाला की साल काढायची. कांद्यातली साखर भाजली जाते तिथून ती चव येते, आणि घट्टपणा येतो कांद्याच्या गरातून आणि खोबऱ्यातून, बाहेरचं काही आणावं लागत नाही.

चार माणसांना तीन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट. बारीक वाटा, अगदी गंधासारखं. तेलात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता, तेल कडेला सुटलं की दोन चमचे काळा मसाला टाकून अर्धाच मिनिट, नाहीतर मसाला जळून कडू होतो. मग पाच वाट्या पाणी, आणि ते उकळतं पाहिजे. गार पाणी टाकलं की तर्री मरते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलंय. तुमचं नक्की इथेच चुकत असणार, एकतर वाटण कमी परतताय नाहीतर गार पाणी ओतताय.

वड्यांसाठी वाटीभर बेसनात ओवा, तिखट, हळद, मीठ आणि जेमतेम अर्धी वाटी पाणी. चमच्याने उचललं तर गोळा पडला पाहिजे, धार नको. रस्सा खळखळ उकळत असतानाच सोडायचे म्हणजे बाहेरचं बेसन लगेच शिजून वडा धरून राहतो, आणि पहिली दोन-तीन मिनिटं चमचा अजिबात लावू नका. बेसनाने रस्सा आणखी आळतो, तेव्हा आधी जरा पातळच ठेवा.

आता टोमॅटोचं. माझ्या जाऊबाई आजही प्रत्येक रस्श्यात टोमॅटो-काजू घालतात, वीस वर्षं झाली आमचं यावर जमत नाही, आणि गेल्या हिवाळ्यात तर त्यांनी वांग्याच्या भरतात टोमॅटो घातला. अहो, जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते त्या वांग्याच्या स्वतःच्या चवीसाठी ना! हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस. आंबटपणा आला की भाजलेल्या वांग्याचा धुरकट गोडवा जातोच, तसंच रस्श्यात भाजलेल्या कांद्याचं होतं. काजूने रस्सा घट्ट होतो हे खरं, पण मग सगळ्या भाज्या एकाच चवीच्या लागतात. ज्याला भाजायचा कंटाळा आहे त्याने टोमॅटो घालावा, पण गरिबी नको आणू, पाहुण्यांना असं कसं वाढायचं, हे असलं बोलू नये. सासूबाईंच्या हातचे तेच वडे नणंदेच्या सासऱ्यांनी पुढच्या आखाजीला मागून खाल्ले.

हां, साध्या वरणात टोमॅटोला माझी ना नाही. खोबरं आधी चाखून बघा, खवट असेल तर सगळी मेहनत वाया. पित्ताचा त्रास असेल तर काळा मसाला एकच चमचा घाला. गॅसवर कांदा जाळीवर ठेवून भाजला तरी चालतो, तव्यावर चिरून भाजला तर वेळ जास्त लागतो पण होतो.

मेनू म्हणाल तर हाच रस्सा तुम्हाला आठवड्यात तीनदा पुरेल. एक दिवस डुबुक वडे, एक दिवस बेसन घट्ट शिजवून ताटात थापून वड्या पाडून पाटोडी, एक दिवस जाड तिखट शेवेची शेवभाजी, बाकीचे दिवस वरण-भात, मुगाची खिचडी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा. शेव मात्र ताटात वाढतानाच घाला, आधी घातली की लगदा होतो.