वाचकांचे प्रश्न : चौदा हजार पगार आणि बारा तासांची ड्यूटी

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची बीड जिल्ह्यातली, जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स) झालंय, दोन वर्षं झाली पुण्यात येऊन. सिंहगड रोडला एका चाळीस बेडच्या हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे, सगळा स्टाफ मिळून पन्नासेक जण असू. जॉइन होताना आठ तास सांगितले होते पण पहिल्या आठवड्यापासूनच बारा तास चालू आहेत, सकाळी आठ ते रात्री आठ नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ, आणि रिलीव्हर आली नाही की पुढची ड्यूटी पण मीच करायची. महिन्यात चार ऑफ, तेही कधीकधी कॅन्सल. पगार १४,००० बँकेत येतो, ओव्हरटाईम हा शब्दच नाही. नाईटला अठरा-वीस पेशंटला आम्ही दोघी. सोडायचं म्हटलं तर दोन वर्षांचा बॉन्ड आहे म्हणतात, एक लाख भरा म्हणतात, आणि माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा आहेत. धायरीला तिघी मिळून रूम केलीय, भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे जाऊन हातात काहीच उरत नाही. आई म्हणते सेवेचं काम आहे, पुण्य लागेल. मी काय करू?

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी नर्स म्हणून सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली त्यामुळे पगाराच्या बाबतीत माझं नशीब तुझ्यापेक्षा बरं होतं हे आधीच सांगते, पण डबल ड्यूटी मला माहीत आहे. एकदा नाईटच्या शेवटी पहाटे साडेचारला मी इन्सुलिन भरत होते, बाटली एका मिलीत १०० युनिटची आणि सिरिंज ४० युनिटच्या मापाची, म्हणजे अडीचपट डोस गेला असता. शेजारच्या ब्रदरने (पुरुष नर्सने) सिरिंजचं लाल टोपण, म्हणजे ४० च्या सिरिंजची खूण, बघितलं म्हणून तो पेशंट वाचला. त्या रात्री मी आळशी नव्हते की निष्काळजी नव्हते, सलग वीस तास उभी होते. म्हणून कुणी सेवा आणि पुण्य म्हणायला लागलं की मला राग येतो. आईवर नाही, त्यांना काळजी आहे. हाच शब्द वापरून मुलींना बारा तास राबवतात त्यांच्यावर येतो.

आता कागद-पेन घे आणि हा हिशोब कर. कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा २०१७ चा आहे, त्यात हॉस्पिटलही येतं, आणि पन्नास माणसं असल्यामुळे तुमच्या हॉस्पिटललाही तो लागू होतो. ४८ तासांच्या हिशोबाने महिन्याचे होतात २०८ तास. तू बारा तासांच्या २६ ड्यूट्या करतेस म्हणजे ३१२ तास, १०४ तास जास्त. १४,००० ला २०८ ने भागलं तर तासाला साधारण ६७ रुपये, आणि ओव्हरटाईम दुप्पट दराने द्यायचा असतो. आता दुप्पट दराने १०४ तासांचे किती झाले ते बघ. बरोबर चौदा हजार! म्हणजे तुझ्या पगाराएवढीच रक्कम दर महिन्याला तुला दिलीच जात नाहीये. आणि आत्ता ३१२ तासांचे चौदा हजार मिळतात म्हणजे तासाला ४५ रुपये सुद्धा पडत नाहीत. यात डबल ड्यूट्या मी धरलेल्याच नाहीत.

हे वाचून लगेच उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊ नकोस. आधी पुरावा. आजपासून एक छोटी डायरी कर, किती वाजता हॅन्डओव्हर (ड्यूटीचा ताबा) घेतला, किती वाजता दिला, पेशंट किती होते, सोबत कोण होतं, ऑफ कॅन्सल झाला तर कुणी सांगितलं. ड्यूटी रोस्टरचा फोटो काढ, पण त्यात पेशंटचं नाव किंवा केसपेपर येता कामा नये, नाहीतर तुझ्यावरच उलटवतील. थंब लावायला मशीन असेल तर तिची नोंद मागता येते. व्हॉट्सॅपवर इनचार्ज सिस्टर 'आज थांब' म्हणते ना, ते मेसेज डिलीट करू नकोस.

दुसरं, पगाराची स्लिप मिळते का? मिळत नसेल तर लेखी मागून घे. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो, तुझ्या मोबाईलवर उमंग ॲपमध्ये पासबुक उघडून बघ, पैसे कापले जातात आणि भरले जातात का. माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे दोन वर्षं कापले पण भरलेच नव्हते. तसंच पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो, चौदा हजारावर तुझ्याकडून फक्त १०५ रुपये जातात, बाकी मालकाने भरायचे, आणि त्यावर तुला बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये उपचार मिळतात. दिवसभर दुसऱ्यांची शुगर बीपी बघणाऱ्या मुलींकडे स्वतःचं ईएसआय कार्ड नसतं, हे मी फार बघितलंय.

सर्टिफिकेटांबद्दल. ती तुझी आहेत. व्हेरिफिकेशनसाठी ओरिजिनल बघायची आणि परत द्यायची, झेरॉक्स ठेवायची, एवढाच अधिकार असतो. साधा ईमेल कर, अमुक तारखेला अमुक अमुक ओरिजिनल जमा केली, परत मिळावीत. भांडणाची भाषा अजिबात नको, नुसती तारीख आणि यादी. बॉन्डचं मात्र मी तुला खोटा दिलासा देणार नाही. सगळे बॉन्ड आपोआप रद्द असतात असं नाही, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या नोकरीतला दोन लाखांचा बॉन्ड योग्य धरलाय. पण करार कायद्याप्रमाणे करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मागता येते, मग एक लाखाचं असं कोणतं ट्रेनिंग तुला दिलं ते त्यांना दाखवावं लागेल. आठ तास सांगून बारा करून घेतले हेही तिथे निघेल. आणि दोन वर्षं झाली म्हणतेस ना, मग बॉन्ड संपला की नाही ती तारीख आधी बघ! माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींनी आपली बॉन्डची कॉपी वाचलेलीच नसते, कारण ती दिलेलीच नसते.

वकिलाचे पैसे कुठून आणू म्हणशील. महिलांना कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करायचा. ओव्हरटाईम आणि पगाराची तक्रार कामगार आयुक्तांकडे, तेही ऑफिस शिवाजीनगरलाच. शक्यतो एकटी जाऊ नकोस, तिघी-चौघींच्या सह्या असल्या की एकीला टार्गेट करणं अवघड होतं.

तू विचारलं नाहीस पण पगार किती असायला हवा तेही सांगते. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने खाजगी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला लावली. तिने शिफारस केली की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार, १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान हॉस्पिटलला सुद्धा किमान २०,०००. आपल्या राज्यात सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या तेव्हा तिथल्या सरकारने २०१८ मध्ये किमान पगाराचं नोटिफिकेशन काढलं, सुरुवात वीस हजारापासून. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे नुसता हा कागद दाखवून पैसे मिळणार नाहीत, पण पगारवाढ मागताना आकडा कुठून आणला हे तुला सांगता येईल. दहा वर्षांपूर्वीचे वीस हजार आज तुला मिळत नाहीयेत ग, हे मला लिहिताना सुद्धा बोचतंय.

दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय ही सोडू नकोस. राजीनामा लेखी, नोटिस पिरियड पूर्ण, एक्सपिरियन्स लेटर घेऊन बाहेर पड.

प्रश्न : आमचं हडपसरला पंधरा बेडचं मॅटर्निटी होम आहे, मी आणि मिस्टर दोघंही डॉक्टर. वीस हजार द्यायची इच्छा आहे पण परवडत नाही, आणि मुली सहा महिन्यांत सोडून जातात. काय करावं?

उत्तर : डॉक्टर, तुम्ही विचारलंत याचं बरं वाटलं. पैसे एकदम वाढवता येत नसतील तर आधी तास कमी करा, खरोखर आठ तासांच्या तीन शिफ्ट. नाईटला रिक्षाचं भाडं द्या, ऑफ कॅन्सल करू नका, अपॉइंटमेंट लेटर द्या. पगारवाढ कधी आणि किती ते त्या लेटरमध्येच लिहा. दर सहा महिन्यांनी नवी मुलगी घेऊन तिला लेबर रूम शिकवण्यात तुमचा किती वेळ जातो तो एकदा मोजून बघा. आणि एक कळकळीची विनंती, पैसे वाचवायला दहावी-बारावी झालेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालून इंजेक्शन द्यायला लावू नका. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेलीच मुलगी घ्या. बाळंतिणीला ब्लीडिंग सुरू झालं तर पहिली दहा मिनिटं तिथे तीच असते, तुम्ही जिन्यात असता.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली, नर्सिंगला जायचं म्हणते. हे सगळं ऐकून भीती वाटते. एएनएम, जीएनएम की बीएस्सी?

उत्तर : तिची स्वतःची इच्छा असेल तर अडवू नका. सायन्स आहे, सीईटी देऊ शकते, मग चार वर्षांचं बीएस्सीच करू द्या. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, पण पुढे सरकारी भरतीला, शिकवायला किंवा परदेशी जायला बीएस्सीचा उपयोग जास्त होतो. ॲडमिशनआधी कॉलेजला कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः बघा, आणि कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहून तिथल्या थर्ड इयरच्या मुलींना विचारा, पोस्टिंगच्या (वॉर्डात शिकण्याच्या ड्यूटीच्या) नावाखाली किती रात्री फुकट राबवून घेतात.