वाचकांचे प्रश्न : आजोबांचा इतिहास नातवाने लिहावा का?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जागेच्या वादावरून कार्यकारिणीत एकदा फूट पडली होती आणि त्या वेळी चिटणीस असलेले माझे आजोबा एका गटाचे म्होरके होते. सोबत पाठवलेला मजकूर तटस्थ झाला आहे का, आणि मुळात तो मी लिहावा का?

उत्तर : अवश्य लिहावा. संबंधित माणसाने लिहूच नये असा नियम केला, तर मराठ्यांच्या इतिहासाची बरीचशी साधने बाद ठरतील. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली झालेल्या भेटीचेच पाहा. अफजलखानाने शिवाजी महाराजांची मान काखेत धरून पहिला वार केला, असे सांगणारा कृष्णाजी अनंत सभासद हा राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिणारा. तर महाराजांवर विश्वासघाताचा ठपका ठेवणारा ग्रँट डफ, ज्याचा ग्रंथ १८२६ मध्ये निघाला, हा पेशवाई बुडाल्यावर साताऱ्यास नेमलेला कंपनी सरकारचा अधिकारी. दोघांचीही बाजू उघड आहे. म्हणून ‘दगा थोडाथोडा दोघांचाही असावा’ असे लिहून मोकळे होणे ही निव्वळ पळवाट झाली, कारण असे विधान कोणाच्या साक्षीवर नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या सोयीवर उभे असते. पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी, ज्यांचे महाराष्ट्रातील संशोधकांशी अनेक बाबतींत खटके उडाले, साधने तपासून पहिला वार खानाचाच असे मत दिले.

आता आपला मजकूर. त्यात आजोबांनी ‘ठाम भूमिका घेतली’ आणि विरुद्ध गटाने ‘हट्ट धरला’ असे आहे. वास्तविक दोन्ही गट आपापले म्हणणे सोडायला तयार नव्हते, हे आपणच पुढच्या परिच्छेदात लिहिले आहे. हे दुरुस्त करणे सोपे. अवघड गोष्ट वेगळीच आहे : विरुद्ध गटाचे सारे म्हणणे आपण सभांच्या इतिवृत्तांतून उचलले आहे, आणि ती इतिवृत्ते चिटणीस या नात्याने आजोबांच्याच हातची असण्याचा संभव मोठा असूनही वाचकाला त्याची कल्पना दिलेली नाही. पक्षपात बहुधा असा साधनातच दडून बसतो आणि लेखकाच्या नकळत मजकुरात उतरतो. तेव्हा इतिवृत्त कोणी लिहिले ते तपासून सांगावे आणि आपले नाते पहिल्याच पानावर नमूद करावे. कागदपत्रे पाहून आजोबांचा निर्णय योग्य वाटत असेल, तर तसे बेलाशक लिहावे. मात्र त्याआधी विरुद्ध गटाचा सर्वांत बळकट मुद्दा, त्यांच्यातल्या एखाद्याने मान डोलवावी इतक्या नेटकेपणाने, मांडलेला असावा. छापण्यापूर्वी मजकूर त्या घराण्यांतील कोणा जाणत्याला दाखवावा, तपशिलाच्या चुका सुधाराव्यात आणि मतभेद उरलाच तर त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत तळटिपेत द्यावे. त्यांची संमती मिळेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शताब्दी काही कोणासाठी खोळंबत नाही.