खोटा फोटो आणि खरी पाळत

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र, नाव-पत्ता वगळून आणि तुमच्या संमतीने, थोडक्यात असे. तुम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहता आणि तुमची तेवीस वर्षांची मुलगी ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते. नवरात्रात नऊवारी नेसून काढलेला तिचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला होता. तीन आठवड्यांपूर्वी एका अनोळखी इन्स्टाग्राम खात्यावरून तिला तोच चेहरा असलेला विवस्त्र फोटो आला, सोबत पंचवीस हजारांची मागणी; पैसे मिळाले नाहीत तेव्हा तो तिच्या दोन चुलतभावांकडे पोहोचला. दुसऱ्याच दिवशी तुमच्या यजमानांनी तिला स्वतःचे खाते कायमचे काढून टाकायला लावले आणि ‘जरा सेटिंग तपासतो’ म्हणून तिचा फोन घेऊन त्यात एक अ‍ॅप घातले. ती कुठे आहे आणि कोणाला काय लिहिते, हे आता त्यांना स्वतःच्या फोनवर दिसते. हे तुम्हाला माहीत आहे, मुलीला नाही. पोलिसांत जावे का, फोटो खोटा असल्याचे नातेवाइकांना कसे पटवावे आणि ‘हे आम्ही तिच्या भल्यासाठीच केले ना’, असे तुम्ही विचारता.

खाते काढून टाकण्याची घाई नडली असती, कारण धमकीचे मेसेज त्यातच होते. मात्र काढून टाकलेले इन्स्टाग्राम खाते ३० दिवसांच्या आत पुन्हा लॉगिन केल्यास परत मिळते, आणि छपाईची वाट पाहण्याइतके दिवस हातात नव्हते म्हणून एवढा भाग मी तुम्हाला आधीच मेलवर कळवला आहे. खाते उघडले की समोरच्या खात्याचे नाव, त्याची लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि ते पोलिसांना दाखवून होईपर्यंत मूळ मेसेज पुसू नयेत. पैसे दिले नाहीत हे उत्तम केलेत. पुढेही देऊ नका.

फोटोबद्दल तुम्ही एक तपशील लिहिला आहे, की त्यात तिच्या गळ्यातली ठुशी डाव्या बाजूला मानेत विरघळल्यासारखी दिसते. असे फोटो कसे बनतात ते त्यावरून कळते. कपड्यांतला साधा फोटो दिला की कपड्यांच्या जागी शरीर कसे असेल याचा असे खोटे फोटो बनवणारे एआय अ‍ॅप अंदाज बांधते आणि आधी दाखवलेल्या असंख्य चित्रांच्या आधाराने ती जागा रंगवून टाकते. म्हणजे ते शरीर तुमच्या मुलीचे नाही; दागिना कुठे संपतो हेसुद्धा त्या यंत्राला नीट कळलेले नाही. तेव्हा ‘तिने फोटो टाकलाच कशाला’ असे जे थोरल्या जाऊबाई म्हणतात, त्याला अर्थ नाही. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटोही या कामाला पुरतो. डीपट्रेस या संस्थेने २०१९ साली एआयने बनवलेल्या बनावट (डीपफेक) चित्रफितींची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या ९६ टक्के संमतीविना बनवलेल्या अश्लील चित्रफिती होत्या. एआयबद्दल जी भाषणे ऐकू येतात त्यांत हा आकडा फारसा येत नाही.

नातेवाइकांना मात्र काहीही पटवत बसू नका. दोघा पुतण्यांना एवढेच सांगा, की तक्रार होते आहे, तुम्हाला ज्या खात्यावरून फोटो आला त्याचा स्क्रीनशॉट द्या, आणि तो कोणालाही पुढे पाठवू नका, कारण असा मजकूर पुढे पाठवणाराही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली येतो. ‘लवकर उजवून टाका’ या नातेवाइकांच्या सल्ल्यावर मी शाई खर्च करणार नाही.

पोलिसांत जरूर जा, आणि निर्णय तिचा असू द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग असून तिथे नाव न देताही माहिती देता येते. पण गुन्हेगार शोधून हवा असेल तर नावानिशी तक्रार द्यावी. ती जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले, तर झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवून घेण्याची, तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच, कलम १७३ मध्ये, आहे हे शांतपणे सांगावे, आणि महिला अधिकाऱ्यासमोर सांगायचे आहे असेही म्हणावे. शिवाय स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सेवा आहे. ती फोटोचा अंकी ठसा, म्हणजे तो फोटो ओळखता येईल असा आकड्या-अक्षरांचा संकेत, आपल्याच फोनवर तयार करते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्याकडच्या प्रती हुडकून काढून टाकतात. एआयने बनवलेल्या फोटोंनाही ती चालते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते.

तुम्हीच लिहिले आहे, की गेल्या मंगळवारी ऐरोलीहून येणारी लोकल दिघा गावाजवळ वीस मिनिटे खोळंबली, यजमानांच्या फोनवरचा निळा ठिपका हलेना आणि त्यांनी तिला अकरा फोन केले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिने एवढेच विचारले, ‘मी दिघ्याला अडकले होते हे बाबांना कोणी सांगितले?’ तुम्ही स्वयंपाकघरात निघून गेलात. बाई, तिला संशय आलेला आहे. एका अनोळखी माणसाने तिला न विचारता तिच्या चेहऱ्याचा वापर केला, आणि त्याच आठवड्यात वडिलांनी तिला न विचारता तिचा फोन घेतला. वडिलांचा हेतू वेगळा आहे हे मी मानते, त्यांची भीती खरी आहे हेही मानते. पण तिच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा तिला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पुरुषाने पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. परिस्थितीनुसार वाजवी ठरणाऱ्या वर्तनाला त्यात अपवाद आहे, मात्र वडील म्हणून वेगळी सूट लिहिलेली नाही. तुमच्या घरात कायदा आणावा असे मला सुचवायचे नाही, पण सज्ञान मुलीच्या बाबतीत रेघ कुठे ओढलेली आहे ते यजमानांना ठाऊक असावे. त्यांना व्यवहाराची भाषा जवळची वाटत असेल तर असे सांगा: तिचे मेसेज त्यांच्या फोनवर येण्याआधी त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे जातात. एमस्पाय नावाच्या अशाच एका अ‍ॅपच्या ग्राहकसेवेतील लाखो नोंदी २०२४ मध्ये बाहेर फुटल्या होत्या. मुलीचा एक फोटो चोरीला गेला म्हणून तिचा सगळा फोन आपणच परक्याच्या हवाली केला, असा हा प्रकार आहे. आणि ही अ‍ॅप ‘कुटुंबाची सुरक्षा’ अशी पाटी लावून राजरोस विकली जातात, याचा मला नवऱ्यांकडून त्रासलेल्या बायकांची पत्रे वाचताना फार संताप येतो.

तेव्हा तिने शोधून काढण्याआधी तुम्ही दोघांनी तिला सांगा. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, फोन टेबलावर ठेवून वडिलांनी स्वतः बोलावे: ‘मी घाबरलो होतो, मी हे घातले, तू काढून टाक.’ ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, ते सोसा. अ‍ॅप तिने स्वतः काढावे, नंतर सगळे पासवर्ड बदलावेत आणि नवे तुम्हाला सांगू नयेत. उशिराच्या पाळीला तिला वाटले तर ती व्हॉट्सअ‍ॅपवरून तासाभरासाठी किंवा आठ तासांसाठी आपला ठावठिकाणा तुम्हाला पाठवू शकते. ती मुदत संपली की ठिपका आपोआप दिसेनासा होतो, आणि तेव्हा अकरा फोन करायचे नाहीत.

तिला झोप लागत नाही असेही तुम्ही लिहिले आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक तिला द्या. तिच्यासाठी तुम्ही लावू नका. यजमानांना मात्र लावून दिलात तरी चालेल.

तुमची,
ताई