वाचकांचे प्रश्न : दारं, खिडक्या, फटी आणि विजेचं बिल

गेल्या अंकात एसीच्या बिलाबद्दल लिहिलं होतं, त्यात दाराखालच्या फटीचा जाता जाता उल्लेख होता आणि नेमके त्यावरच भरपूर प्रश्न आले, म्हणून या वेळी फक्त फटी. जागेसाठी काही प्रश्न थोडे छोटे केलेत.

प्रश्न : आम्ही टॉप फ्लोअरला राहतो. बेडरूमला दीड टनाचा एसी आहे, पण मे महिन्यात दुपारी खोली गारच होत नाही. दोनदा गॅस भरून झाला, आता मेकॅनिक म्हणतो दोन टनाचा घ्या. बेडरूमच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट आहे आणि हॉलमध्ये दारापाशी उभं राहिलं की पायाला गार लागतं. याचा काही संबंध असेल का?
— वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : संबंध आहे ताई, आणि चांगलाच आहे. गार हवा जड असते, ती खाली बसते आणि दाराखालून हॉलमध्ये निघून जाते, आणि जेवढी जाते तेवढीच गरम हवा दाराच्या वरच्या फटीतून, खिडकीतून, जिथून वाट मिळेल तिथून आत येते, त्यामुळे एसी दिवसभर तीच ती खोली पुन्हा पुन्हा गार करत बसतो. साधा हिशोब करून बघा, तीन फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे १८ चौरस इंच. म्हणजे दारात सव्वाचार इंच लांब, सव्वाचार इंच रुंद भोक पाडल्यासारखंच झालं. असं भोक भिंतीत असतं तर तुम्ही त्याच दिवशी बुजवलं असतं, पण दाराखाली आहे म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. मेन दाराला उंबरठा असतो, आतल्या दारांना आता कोणी ठेवत नाही, त्यामुळे हा प्रॉब्लेम जवळपास प्रत्येक फ्लॅटमध्ये आहे.

आधी फटी शोधा. पंखा बंद, एसी चालू, दार-खिडक्या लावलेल्या, आणि एक उदबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेने, खिडकीच्या चौकटीपाशी, पडद्यापासून लांब धरून हळूहळू फिरवा, धूर जिथे एका बाजूला ओढला जाईल तिथे फट आहे. रात्री हॉलचा लाइट लावून बेडरूममध्ये अंधार केला की दाराच्या कडांमधून उजेड दिसतो, तेही चालतं.

आता तीन जागा अशा आहेत ज्या लोक बघतच नाहीत. एक, एसीचा पाइप भिंतीतून बाहेर जातो ते भोक, बऱ्याच घरांत फिटिंग करणारा माणूस तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबून निघून जातो, ते पुट्टीने किंवा पीयू फोमने (भोकात मारला की फुगून घट्ट होतो तो फोम) नीट भरून घ्या. दुसरी, अटॅच बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन, तो चालू राहिला आणि बाथरूमचं दार उघडं असलं की गार हवा सरळ बाहेर फेकली जाते. तिसरी जागा म्हणजे दाराची बिजागरीकडची उभी बाजू, तिथली फट दार लावलेलं असताना सहज दिसत नाही.

दाराखाली लावायला बाजारात दोन प्रकार मिळतात. एक फोमच्या दोन नळ्यांचं कव्हर, दाराखालून सरकवायचं, स्वस्त आहे पण झाडू-पोछा करताना सारखं निघतं आणि त्यात केस आणि धूळ अडकते. दुसरा प्रकार अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि तिला खाली रबर किंवा ब्रश, ही दाराला स्क्रूने बसते. मी दुसरी घ्या म्हणेन, आणि फरशी वरखाली असेल तर ब्रशवाली, कारण रबर उंच फरशीला घासतं आणि दार जड होतं. दोन-चारशे रुपयांत काम होतं, सुतार नाही बोलावला तरी चालतं. बाकी तीन बाजूंना चौकटीच्या खाचेत, म्हणजे पल्ला जिथे येऊन टेकतो तिथे, चिकटपट्टीवालं ईपीडीएम रबर लावा. लावायच्या आधी ती जागा ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, तेलकट असेल तर स्पिरिट लावा. नागपूरच्या धुळीत न पुसता चिकटवलेली पट्टी महिनाभरही टिकत नाही आणि मग लोक म्हणतात पट्टीच खराब. साध्या स्पंजची पट्टी घेऊ नका, ती दबून चपटी होते.

मेकॅनिकबद्दल एक सांगते. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो बंद पाइपात फिरत असतो. दोनदा भरावा लागला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधून काढायला सांगा, नुसता गॅस भरून घेऊ नका. टॉप फ्लोअर असल्यामुळे स्लॅब तापतो तो भाग वेगळा, रबर लावून तो थांबणार नाही, त्यासाठी गच्चीवर पांढरा कोट देता आला तर बघा, आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक सोडा. हे सगळं करून झाल्यावर एसी २४ वर ठेवून बघा (२०२० पासून स्टार लेबलच्या एसींना कारखान्यातूनच २४ चं सेटिंग येतं), तापमान एक डिग्री वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे स्टार लेबल देणारी सरकारी संस्था, सांगते. दोन टनाचा एसी घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. माझा अंदाज आहे लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. आम्हीपण फटी बुजवाव्यात का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही, अजिबात नको. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढून आत सोडतो, ती हवा समोरच्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि अंग चिकट होतं. कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. घरात एका खोलीत एसी आणि हॉलमध्ये कूलर असेल तर फक्त एसीच्या खोलीच्या फटी बुजवायच्या.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आहेत, बिल्डरने दिलेल्याच. धूळ येते, वाऱ्याने खडखड होते, एसी लावला तरी खोली दमट वाटते. शेजारचे काका म्हणतात सगळीकडे सिलिकॉन मारून टाका, खालच्या ट्रॅकला भोकं आहेत तीपण बंद करा. करू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकांचा हेतू चांगला आहे पण ती भोकं बंद करू नका. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये साठलेलं पाणी त्यातूनच बाहेर जातं, ती बुजली तर पहिल्या जोरदार पावसात पाणी आत भिंतीवर उतरेल. उलट टूथब्रशने ती मोकळी करा, बहुतेक घरांत मातीने अर्धी बंदच झालेली असतात.

सिलिकॉन फक्त फ्रेम आणि भिंत यांच्या जोडावर मारायचं, बाहेरच्या बाजूने. हलणाऱ्या पल्ल्यांना वुलपाइल लागतं, म्हणजे ती केसाळ पट्टी जी शटरच्या खाचेत बसवलेली असते. ती काही वर्षांत झिजते, चपटी होते, आणि खडखड सुरू होते ती बऱ्याचदा त्यामुळेच. अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलवा, शटर काढून जुनी पट्टी ओढून नवीन सरकवायला सांगा, आणि जुन्याचा तुकडा दाखवूनच नवीन घ्या कारण रुंदी आणि उंची दोन्ही जुळावी लागते, उंची जास्त झाली तर खिडकी सरकणारच नाही. दोन शटर मधे जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीला इंटरलॉक म्हणतात, सगळ्यात जास्त हवा तिथूनच येते, तिथली पट्टी नक्की बदला. बेअरिंग झिजून शटर एका बाजूला बसलं असेल तर आधी ते, नाहीतर नवीन वुलपाइलही वाकडंच टेकेल.

दमटपणाचं कारणही हेच. तुमच्याकडच्या हवेत पाणी खूप, ती हवा फटीतून आत आली की एसीला हवा गार करण्याबरोबर त्यातलं पाणीही काढावं लागतं, आणि एक लिटर पाणी काढायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता ओढावी लागते, म्हणजे युनिटमध्ये सांगायचं तर दोन तृतीयांश युनिटएवढी. एसी ती आपल्या पद्धतीने कमी विजेत ओढतो हे खरं, पण हे काम रात्रभर चालू असतं. एसीच्या पाइपातून बादलीभर पाणी पडतं त्यातलं बरंचसं असं फटीतून आलेलं असतं.

प्रश्न : जुनं घर, सागवानी दारं, उन्हाळ्यात फटी पडतात. सुतार म्हणतो जाड रबर लावून देतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : मे महिन्यात मोजून जाड रबर लावलंत तर जुलैत दार लागणार नाही, लाकूड पावसात फुगतं. पावसाळ्यात दार लावून फट मोजा आणि तेवढ्याच मापाचं पोकळ, दाबलं की दबणारं रबर घ्या. दार रंधून घ्यायची घाई करू नका, एकदा रंधलं की उन्हाळ्यात फट अजून वाढते.

प्रश्न : टोरांटोजवळ बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, हीटिंगचं बिल मीच भरतो. खिडकीजवळ बसवत नाही आणि काचेवर आतून बर्फ धरतो. घरमालकाला न विचारता काय करता येईल?
— एक वाचक, कॅनडा

उत्तर : तुमच्याकडे हार्डवेअरच्या दुकानात खिडकीवर लावायच्या पारदर्शक फिल्मचं किट मिळतं, चौकटीला दुहेरी टेप, त्यावर फिल्म, आणि हेअर ड्रायरने ती ताणून घ्यायची, काच आणि फिल्मच्या मधे हवा अडकते आणि थंडी बरीच कमी होते. वसंत आला की काढून टाका. फटींमध्ये दाबून भरायला दोरीसारखं मऊ कॉक (caulk) मिळतं, तेही हाताने निघतं. पण आग लागली तर ज्या खिडकीतून बाहेर पडायचं ती खिडकी बंद करू नका, आणि फर्नेसला, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीला, हवा मिळायची जी जाळी किंवा पाइप आहे त्याला हात लावू नका. काचेवर बर्फ धरतो म्हणजे खोलीतली वाफ गार काचेवर जमते, तेव्हा स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट चालू ठेवा. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म चालू आहे ना ते आजच बघा.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. हिवाळ्यात काचपट्ट्यांच्या खिडकीतून गार वारा येतो, सासूबाईंना त्रास होतो, म्हणून तिथे थर्माकोल लावून दाराखाली रबर लावायचा विचार आहे.
— वाचक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, हे करू नका. लावलं असेल तर आत्ता काढा. गॅस जळायला हवा लागते, ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, चक्कर येतेय असं वाटेपर्यंत माणसाला दार उघडण्याचंही त्राण राहत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं गेलीत. गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा हवेशीर ड्राय बाल्कनीत हलवा आणि पाइपाने गरम पाणी आत आणा, त्यानंतर बाथरूमची खिडकी हवी तेवढी बंद करा. तोपर्यंत बादलीत पाणी काढून घ्या, गीझर बंद करा, पाच-दहा मिनिटं खिडकी उघडी राहू द्या आणि मग सासूबाईंना आत पाठवा. स्वयंपाकघरालाही हेच लागू, गॅस सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर असलेल्या खोलीच्या दाराखाली रबर नको आणि खालची जाळी उघडीच ठेवायची.