पेडल न दाबता प्रेस खाली आला, चूक कोणाची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ भोसरीत ५० टनी पिन-क्लच प्रेसवर कंत्राटी ऑपरेटर आहे. जॉब (प्रेसमध्ये घडवायचा तुकडा) काढताना पेडल न दाबताच रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) पुन्हा खाली आला आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. सुपरवायझर म्हणतो, हात आत घातला ही त्याचीच चूक. मालक आता हात आत दिसला की प्रेस थांबवणारा सेन्सर बसवणार म्हणतात. तेवढ्याने भागेल का?

उत्तर : नाही. पिन-क्लच प्रेसमध्ये चावी (क्लचची पिन) एकदा फ्लायव्हीलच्या (सतत फिरणाऱ्या जड चाकाच्या) खाचेत बसली की रॅम पूर्ण फेरा करूनच थांबतो. सेन्सरने मधेच हात पाहिला, तरी रॅम थांबवणार कशाने? सेन्सर उपयोगी पडतो तो हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, कारण त्याचा रॅम मधेच थांबवता येतो.

तुम्ही सांगता तो डबल स्ट्रोक आहे, म्हणजे पेडल न दाबता रॅमचा दुसरा फेरा. एक फेरा झाला की चावी खाचेतून बाहेर निघायला हवी. तिला अडवणाऱ्या खिटीची धार झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर चावी आतच राहते. क्रँकशाफ्टचा ब्रेक ढिला पडला किंवा त्याच्या लायनिंगवर ऑइल सांडलं, तरी रॅम वर टिकत नाही. रोज पाळी सुरू होताना डायमध्ये (साच्यात) जॉब न ठेवता, हात लांब ठेवून, दहा-बारा स्ट्रोक मारून पाहावेत. रॅम दर वेळी वर एकाच जागी थांबत नसेल, तर प्रेस बंदच ठेवायचा. 'आजचा लॉट काढून घेऊ' हे मुळीच ऐकायचं नाही.

खरा उपाय म्हणजे डायभोवती फक्त पत्र्याची पट्टी जाईल एवढ्या फटीचा पक्का गार्ड, आणि जॉब काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. हात आत गेल्याशिवाय जॉब निघतच नसेल, तर दोष कामाच्या पद्धतीचा आहे, भावाचा नाही. डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबू द्यावं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावावा.

भावाचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कंत्राटी असला तरी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते. त्याची चूक मानली तरी लाभ अडत नाही. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. मधल्या बोटाच्या एका पेराला कायद्याच्या परिशिष्टात ७ टक्के अपंगत्व धरलं आहे. म्हणजे रोजचा पगार ६०० रुपये असेल तर ५४० चे ७ टक्के, दिवसाला सुमारे ३८ रुपये, आयुष्यभर. त्यासाठी मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं. अपघाताचा अहवाल कंपनीने पाठवला का, ते आजच विचारा आणि त्याची प्रत घ्या. त्यात 'डबल स्ट्रोक' असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.