निधीचे खरे नाही म्हणून जमीन स्वस्तात देऊन टाकावी का?

प्रश्न : पुण्याच्या हद्दीलगत, मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून आमची वडिलोपार्जित चौदा गुंठे जमीन आहे. सातबारावर वडील आणि दोन काकांची नावे आहेत. इंटरचेंजसाठी आठ महिन्यांपूर्वी ३-ए ची अधिसूचना निघाली. आता खर्च फार वाढला, निधीचे काही खरे नाही, असे ऐकू येते. एक एजंट म्हणतो, ‘काम रखडले तर ना जमीन विकता येईल, ना भरपाई मिळेल, आत्ताच रोख घ्या.’ थोरले काका सही करायला निघाले आहेत. काय करावे?

उत्तर : काकांना आधी थांबवा. बाकीचे निवांत ठरवता येईल, पण कुलमुखत्यारपत्रावर एकदा सही झाली की ते निस्तरण्यात वर्षे जातात.

प्रकल्पाला पैसा मिळणार का, याची काळजी सरकारने करावी. तुमच्या जमिनीचे पुढे काय, हे अधिसूचना कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरते. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मध्ये ३-ए म्हणजे संपादन करण्याचा इरादा, एवढेच. जमीन आजही तुमचीच आहे. पीक घ्या, पीक पाहणीची नोंद चुकवू नका. ३-ए राजपत्रात आल्यापासून एका वर्षात ३-डी ची, म्हणजे जमीन प्रत्यक्ष संपादित केल्याची, घोषणा यावी लागते. नाही आली तर ३-ए चा अंमल संपतो. कोर्टाची स्थगिती असेल तर तेवढा काळ वगळतात. निधी आला नाही, सुधारित खर्चाला मंजुरी बाकी आहे, ही कारणे त्यात बसत नाहीत. म्हणजे तुमच्या हातात साधारण चार महिने आहेत. राजपत्राची प्रत मिळवा आणि त्यावरची प्रसिद्धीची तारीख लिहून ठेवा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची तारीख धरू नका, अनेकांची गफलत तिथेच होते.

मुदत टळली आणि जमीन पुन्हा हवी झाली, तर नव्याने ३-ए काढावी लागेल. भरपाईसाठी बाजारभाव ३-ए च्या तारखेचा धरतात, म्हणजे भावही नव्या तारखेचा. पुण्याच्या कडेला जमिनीचे भाव कुठे चालले आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

३-डी आली तर मात्र गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते आणि मग ती परत मिळवणे फार अवघड. तरीही ठरलेली रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे संपादनासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जमा झाल्याशिवाय ताबा घेता येत नाही, आणि ताबा सोडण्यासाठी साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. निधी नसेल तर तुम्हाला तिथून हलवता येणार नाही. मालकी गेली आणि पैशाचा पत्ता नाही, अशी कोंडी झाली तर हात बांधून बसू नका. निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश) करून रक्कम जमा करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयात रिट दाखल करून मागता येतो.

खर्च वाढला म्हणून तुमचा दर कापता येत नाही, हेही काकांना सांगा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे भरपाईचे निकष २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत, त्यात शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे किमतीवर मिळणारी तेवढीच जादा रक्कम, आली. त्याआधीच्या महामार्ग संपादनांतही दिलासा रक्कम नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात म्हटले आहे. ३-ए वर हरकतीची २१ दिवसांची मुदत तुमच्या हातून गेली. भरपाईच्या सुनावणीला मात्र नक्की हजर राहा. शेजारच्या गटांचे आधीच्या तीन वर्षांतले खरेदीखताचे इंडेक्स-टू (दस्तनोंदणीचे उतारे) आतापासून गोळा करा. संयुक्त मोजणीच्या दिवशी विहीर, झाडे, पाइपलाइन यांची नोंद समोर उभे राहून करून घ्या. रक्कम पटली नाही तर लवादाकडे जाता येते, पण पुरावा सगळा तिथेच द्यावा लागतो. पुढे कोर्टात नवीन कागद दाखवायला फारसा वाव राहत नाही.

एक खात्री मात्र करून घ्या. चौदाच्या चौदा गुंठे ३-ए मध्येच आहेत ना? कारण महामार्गाच्या कामातही काही जमीन महापालिका घेते, आणि तिचे नियम वेगळे. पुण्याच्या चांदणी चौकातल्या इंटरचेंजला भूसंपादनाची जबाबदारी महापालिकेवरच होती. कात्रज-कोंढवा रस्त्यावर संपादनाचा खर्च झेपेना म्हणून ८४ मीटरचा रस्ता ५० मीटरवर आणला. मालकांना टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको, रोख हवी होती. तुमचा एखादा तुकडा विकास आराखड्यातल्या सेवा रस्त्यात येत असेल तर त्याला १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना, कायदा लागू होतो. तिथे टीडीआर मालकाच्या संमतीनेच देता येतो. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षे झाली आणि संपादन झाले नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते.

आता तो एजंटचा कागद. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली विसार पावती आणि सोबत कुलमुखत्यारपत्र, असाच असणार. त्यात मधेच कुठेतरी ‘भरपाई स्वीकारणे व पावती देणे’ हे शब्द असतील, नीट वाचा. तुमच्या हाती थोडी रोख ठेवून पूर्ण भरपाई उचलायची, यासाठीच तो खटाटोप. अशा कागदाने जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सूरज लॅम्प निकालात २०११ मध्येच स्पष्ट झाले आहे. पण भरपाईवर दावा सांगायला तो एजंटला पुरतो. मग वाटणीचा वाद दिवाणी न्यायालयात जातो आणि तो सुटेपर्यंत वडिलांचे आणि धाकट्या काकांचे पैसेही अडकून पडतात.

कुलमुखत्यारपत्रावर आधीच सही झाली असेल तर ते रद्द केल्याची लेखी नोटीस एजंटला स्पीड पोस्टाने पाठवा, तिची प्रत सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात पोच घेऊन द्या आणि तो कागद घेऊन लगेच वकिलाला भेटा. विसार म्हणून घेतलेले पैसे खर्च करू नका.